गादीची पारख



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर वाचून आपल्यापैकी काहीजण मनातल्या मनात हसले असतील. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर देशाच्या, धर्माच्या आणि समाजाच्या मोठमोठ्या प्रश्नांची चर्चा होत आली आहे. त्या मालिकेत गादी! आणि गादी म्हणजे साताऱ्याची किंवा कोल्हापूरची नव्हे, पेढीवरची नव्हे, मठातली तर नव्हेच. आपण सारे दिवसभराचे श्रम करून जिच्यावर अंग टाकतो ती गादी. परंतु थोडा हिशेब करून पाहा. माणूस रोज सात तास झोपतो असे धरले, तर साठ वर्षांच्या आयुष्यातली साडेसतरा वर्षे तो अंथरुणावर असतो. इतका काळ आपण दुसऱ्या कोणत्याही वस्तूच्या संगतीत काढीत नाही.

असे असूनही आपण गादी कशी खरेदी करतो? सणासुदीची एक साडी घ्यायची तर गृहिणी चार दुकाने पालथी घालतात, पदर उलटून पाहतात, सूत बोटांत चोळून पाहतात. गादी मात्र दुकानदाराने तळहाताने दोनदा दाबून दाखविली की पसंत होते. याचे कारण आळस हे नव्हे. साडी सगळी डोळ्यांसमोर असते. गादीचा खरा माल तिच्या पोटात असतो आणि ते पोट शिवलेले असते. आपल्याला दिसते ती केवळ खोळ, आणि खोळीवरची फुले पाहून आपण आतल्या मालाची किंमत मोजून येतो.

पूर्वी असे नव्हते. ज्यांची साठी उलटली आहे त्यांच्या कानांत पिंजाऱ्याच्या तातीचा टणत्कार अजून असेल. थंडीच्या सुमारास खांद्यावर ती भलीमोठी धनुकली टाकून तो गल्लीतून फिरे. अंगणात किंवा ओसरीवर बसून तो जुनी गादी उसवी, दडपून गेलेला कापूस बाहेर काढी, आणि लाकडी ठोकळ्याने तात झणकावीत त्या दगडासारख्या गोळ्यांचा ढगासारखा ढीग करी. मग वजन होई. जुना कापूस इतका निघाला, त्यात कचरा इतका गेला, नवा इतका घालावा लागेल, हे सारे घरच्या मालकिणीच्या डोळ्यांदेखत चाले. ती माउली तांदूळ निवडीत तिथेच बसलेली असे आणि तिचे लक्ष तांदळापेक्षा कापसाकडे अधिक असे. पुढे तो गादी भरून, काठीने झोडून सारखी करी आणि जाड दोऱ्याचे टाके घाली. गादीत काय आहे आणि किती आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक असे. आता धनुकली जाऊन पिंजण्याची यंत्रे आली, आणि बहुतेक गाद्या तर कारखान्यातून बंद होऊनच येतात. माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, त्या मालकिणीचे दोन प्रश्न, ‘आत काय?’ आणि ‘किती?’, आपण पुन्हा विचारायला शिकले पाहिजे.

प्रथम कापसाच्या गादीचेच पाहू, कारण ती अजून गेलेली नाही, आणि माझ्या मते जाऊही नये. गावोगावी ‘गादी कारखाना’ अशी पाटी असलेली दुकाने आजही आहेत. कापसाच्या गादीतून वारा खेळतो, घाम शोषला जातो, आणि उन्हात टाकली की ती पुन्हा ताजी होते. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशा एका माणसाच्या गादीला सामान्यतः आठ ते दहा किलो कापूस लागतो. पाच-सहा किलोंत भरलेली गादी दुकानात फुगलेली दिसते आणि सहा महिन्यांत सतरंजी होते. दुसरे म्हणजे कापूस कोणता? स्वस्त गाद्यांत गिरणीतली रद्दी किंवा कपड्यांच्या चिंध्या यंत्रात फाडून केलेला रंगीबेरंगी पिंजर भरतात. म्हणून गादी तयार घेऊ नये, भरून घ्यावी. कापूस हातात घेऊन पाहावा, त्यात सरकीचे तुकडे आणि धूळ किती आहे ते पाहावे, आणि आपल्यासमोर तोलून घ्यावा. यात गैर काही नाही. चांगला गादीवाला उलट खूश होतो. सावरीचा कापूस मऊ आणि हलका खरा, पण तो उशीत शोभतो. गादीत माणसाच्या भाराखाली तो लवकर दबतो. कापसाच्या गादीचा मोठा दोष म्हणजे तिला सेवा लागते. ऊन द्यायचे, उलटायची, आणि दोनतीन वर्षांनी पिंजून घ्यायची. ज्या घरात गच्ची नाही आणि उचलायला हात नाहीत, तिथे हा गुणच दोष होतो.

त्यानंतर काथ्याची गादी. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिळून कुरळा करतात, त्यावर रबराचा चीक फवारतात, थर दाबून भट्टीत पक्के करतात. ही गादी कडक, हवेशीर आणि पुष्कळ टिकाऊ असते. मात्र तिची घडी घालू नये; घडी घातलेल्या जागी काथ्याचे सांधे मोडतात आणि तिथे कायमची खाच पडते. दुकानात नमुन्याचा तुकडा मागून तो वाकवून आणि झटकून पाहावा. पिवळी पूड गळू लागली तर रबर कमी पडले आहे असे समजावे.

आता ज्या वस्तूने घराघरांत प्रवेश केला आहे त्या फोमकडे वळू, आणि इथे मात्र मी आपला थोडा अधिक वेळ घेणार आहे. १९२९ साली इंग्लंडमधील डनलॉप कंपनीत रबराचा चीक फेसून त्याची स्पंजासारखी गादी करण्याची युक्ती साधली. आपल्याकडे या गादीचा असा बोलबाला झाला की, पुढे कोणत्याही मऊ गादीला लोक ‘डनलॉपची’ म्हणू लागले. वस्तुतः आज आपण जो फोम घेतो तो बहुधा रबराचा नसतोच. तो पॉलियुरेथेन नावाच्या रासायनिक पदार्थाचा असतो. या पदार्थाचे रसायन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली सिद्ध केले. त्याचा फेस केला की असंख्य बारीक बुडबुड्यांचा पाव तयार होतो. बेकरीतल्या पावाचे जे, तेच याचे. तेवढ्याच पिठात हवा अधिक भरली तर पाव मोठा दिसतो, पण पोट भरत नाही. फोममध्ये पदार्थ किती आणि हवा किती, यावर त्याचे आयुष्य ठरते. याला घनता म्हणतात. एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा फोमचा ठोकळा घेतला तर त्याचे वजन जितके किलो, तितकी त्याची घनता. दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’, ‘चाळीस डेन्सिटी’ म्हणतो तो आकडा हाच. रोज झोपण्याच्या गादीचा मुख्य थर साधारण बत्तीस किंवा त्यावर असावा. विशीतला फोम पाहुण्यांसाठी चालेल, रोजच्या पाठीसाठी नव्हे.

आता हा आकडा खरा की खोटा, हे कसे ओळखावे? खोळीवर छापलेले खरे मानण्याचे कारण नाही; कारण घरच्या काट्यावरही ते तपासता येते. बहात्तर इंच लांब, छत्तीस इंच रुंद आणि पाच इंच जाड अशी गादी घ्या. तिन्हींचा गुणाकार १२,९६० घनइंच होतो. एका घनमीटरात सुमारे ६१,००० घनइंच असतात. गादीचे किलोतले वजन ६१,०००ने गुणावे आणि १२,९६०ने भागावे, आली घनता. बत्तीस घनतेच्या अशा गादीचे वजन खोळ सोडून सुमारे ६.८ किलो भरले पाहिजे, चाळिसाच्या गादीचे ८.५ किलो. चार-सव्वाचार किलोच भरले तर तो वीस घनतेचा माल आहे. खोळीवर काहीही छापलेले असो. दुकानात काटा नसेल तर गादी घरी आल्यावर माणसाने आधी एकट्याने काट्यावर उभे राहावे, मग गादी उचलून उभे राहावे, आणि वजाबाकी करावी. आमच्या शेजारच्या एका मुलाने शाळेत शिकलेल्या घनफळाचा हा उपयोग पाहिला, तेव्हा गणित कशासाठी शिकायचे या त्याच्या जुन्या प्रश्नाचे परस्पर उत्तर मिळाले.

परंतु वजनावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. वजन वाढविण्यासाठी फोममध्ये खडूसारखी पूड मिसळण्याची युक्ती आहे. अशा फोमचा तुकडा चुरगळला तर तो आळसावल्यासारखा हळू उठतो आणि बोटांना पूड लागते. दुसरा प्रकार म्हणजे फोमच्या कातरणाचे तुकडे गोंदाने चिकटवून दाबलेला ठोकळा, ज्याला व्यापारात बाँडेड फोम म्हणतात. हा साध्या फोमच्या दुप्पट-तिप्पट जड आणि चांगलाच कडक असतो. खालच्या थराला त्याची हरकत नाही. पण सबंध गादी त्याची करून, वर ‘ऑर्थोपेडिक’ असे छापून ती पाठदुखीवरचे औषध म्हणून विकली जाते, तेव्हा आपण सावध व्हावे. त्या भारदस्त शब्दामागे कोणा अस्थितज्ज्ञाची तपासणी असतेच असे नाही. आणखी एक घोटाळा लक्षात ठेवावा. घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा. चाळीस घनतेचा फोम मऊ असू शकतो, अठ्ठावीसचा कडक. घनता टिकाऊपणा सांगते; कडकपणा पाठीला विचारावा लागतो.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. मेमरी फोम १९६६ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेसाठी, विमानातील आसनांकरिता तयार झाला. अंगाच्या उष्णतेने तो नरम होऊन शरीराचा आकार घेतो. मात्र हाच गुण नागपूरच्या मे महिन्यात भोवतो. गादी गरम वाटते आणि माणूस तिच्यात रुततो. शिवाय ‘मेमरी फोमची गादी’ म्हणून जी मिळते तिच्यात पुष्कळदा वरचा एकच इंच त्याचा असतो. कोणता थर किती इंच, हे लिहून मागावे. रबराच्या चिकाची, म्हणजे लेटेक्सची गादी उत्तम, जड आणि महाग. तिच्यात नैसर्गिक रबर किती आणि कृत्रिम किती हे विचारल्याशिवाय तेवढे पैसे देऊ नयेत. स्प्रिंगच्या गादीत दोन जाती आहेत. एकीत सर्व स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असतात, त्यामुळे एकाने कूस बदलली की दुसऱ्याला हेलकावा बसतो. दुसरीत प्रत्येक स्प्रिंग स्वतंत्र पिशवीत असते. नवराबायकोपैकी एकाची झोप सावध असेल तर दुसरी जात घ्यावी. समुद्रकाठच्या दमट गावांत तारेला गंज चढतो, हेही ध्यानात असू द्यावे.

आता पाठीकडे येतो. आमच्या पिढीला वैद्य-डॉक्टरांनी एकच उपदेश केला : पाठ दुखते? फळीवर झोपा! कित्येकांनी वर्षानुवर्षे फळीवर काढली. २००३ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील एका प्रयोगाची हकीकत आली. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रोग्यांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नव्हते. नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कडक गादीवर झोपलेल्यांचे दुखणे अधिक कमी झाले होते. कारण समजायला कठीण नाही. कुशीवर झोपले असता खांदा आणि कटी बाहेर आलेली असतात आणि कंबर आत असते. गादी फार कडक असेल तर खांद्यावर भार येतो आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ असेल तर मधला जड भाग खाली जाऊन पाठीची झोळी होते. खांद्याला थोडी वाट देईल आणि कंबरेला आधार देईल, ती गादी बरी.

म्हणून दुकानात गादी हाताने दाबून पाहण्यात अर्थ नाही. तिच्यावर झोपून पाहावे. संकोच वाटतो हे मला कबूल आहे. चारचौघांत पादत्राणे काढून आडवे होणे आपल्या वळणात बसत नाही. तरीही दहा मिनिटे पडावे, आणि रात्री ज्या कुशीवर आपण झोपतो त्याच कुशीवर पडावे. उताणे झोपून कंबरेखाली हात सरकवावा. हात आरपार मोकळा गेला तर गादी आपल्याला कडक आहे. शिरतच नसेल तर मऊ आहे. ही परीक्षा ज्याची गादी त्यानेच द्यावी. पन्नास किलोच्या माणसाला जी गादी कडक, ती नव्वद किलोच्या माणसाला मऊ लागते. मुलाने परगावाहून वडिलांसाठी पसंत केलेली गादी वडिलांना मानवेलच असे नाही.

वडीलधाऱ्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्यांच्या गादीत मऊपणापेक्षा उंची महत्त्वाची आहे. पलंगाच्या काठावर बसल्यावर दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. उंच पलंगावर आठदहा इंचांची गादी टाकली की पाय लोंबकळतात, आणि रात्री अंधारात उठताना पडण्याचे भय असते. काठही दबणारा नसावा, कारण उठताना ते त्याच्यावरच हात टेकतात. ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असेल, ज्याला स्वतःची कूस बदलता येत नाही, तिथे कितीही किमती साधी गादी घेतली तरी पाठीला जखमा होण्याचे टळत नाही. तिथे कूस बदलवीत राहणे आणि आळीपाळीने हवा भरणारी खास गादी, हेच उपाय. आणि ती गादी डॉक्टरांना विचारून आणावी. तान्ह्या मुलाला उलट मऊ गादी मुळीच नको. सपाट, कडक गादी हवी आणि भोवती उशा नकोत. मऊ अंथरुणात नाकतोंड बुजण्याचा धोका असतो.

गादीला नावे ठेवण्यापूर्वी पलंग पाहावा, हे सांगायचे राहिले. मधल्या फळ्या वाकलेल्या असतील, लोखंडी पट्ट्या सैल झाल्या असतील, तर नवी गादीही आठवडाभरात खोलगट होईल. जुनी गादी चार रात्री जमिनीवर घालून झोपून पाहावे. पाठ थांबली तर पैसे सुताराला द्यावेत. पेटीच्या पलंगावर प्लायवूडला वाऱ्यासाठी भोके पाडून घ्यावीत, नाहीतर पावसाळ्यात गादीला खालून बुरशी येते. आणि माप घरूनच टेपने घेऊन जावे. बहात्तर, पंचाहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर अशा तीन लांब्या बाजारात चालतात. झोपणाऱ्याच्या उंचीपेक्षा पाच-सहा इंच अधिक हवी.

किमतीचा हिशेब रात्रीवर करावा. दहा हजारांची गादी आठ वर्षे टिकली तर रात्रीला साडेतीन रुपयांहूनही कमी पडले. चार हजारांची दोन वर्षांत बसली तर साडेपाच रुपये पडले, आणि शेवटचे वर्ष कंबर धरून काढले ते वेगळेच. याचा अर्थ महाग तेच घ्यावे असा मात्र नाही. एका मर्यादेनंतर वाढती किंमत ही नक्षीच्या खोळीची, जाहिरातीची आणि उगाच वाढविलेल्या जाडीची असते. चांगल्या फोमची पाच-सहा इंच जाडी बहुतेकांना पुरते.

आणि दहा वर्षांच्या वॉरंटीवर फार भिस्त ठेवू नये. आमच्या घरी ऑर्थोपेडिक म्हणून घेतलेल्या एका गादीला दोन वर्षांत खळगा पडला. तक्रार केली, माणूस आला. त्याने गादीवर आडवी काठी ठेवली, खाली पट्टी लावली आणि सांगितले, खळगा पाऊण इंचाचा आहे; अटीप्रमाणे एक इंच हवा. तोही कोणी झोपलेले नसताना. मी वॉरंटीचा कागद त्यानंतर प्रथमच वाचला! तिथे सारे बारीक अक्षरांत होते. गादीला डाग पडला तर हमी बाद, हेही होते. म्हणून कागद पैसे देण्यापूर्वी वाचावा. हल्ली गुंडाळून पेटीतून घरपोच येणाऱ्या गाद्यांना शंभर रात्री वापरून परत करण्याची सवलत पुष्कळ ठिकाणी मिळते. सवलत चांगली आहे. परत नेण्याचा खर्च कोणाचा आणि पैसे किती दिवसांत, एवढे आधी विचारावे. बिल घ्यावे, आणि त्यावर माप, थर आणि घनता लिहून घ्यावी. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा आला आणि २०१९ साली त्याच्या जागी नवा झाला. पण कोणत्याही कायद्यापुढे तोंडी ‘बत्तीस डेन्सिटी’ उभी राहत नाही, लिहिलेली राहते.

नवी गादी आल्यावर दर तीन महिन्यांनी तिचे डोके-पाय बदलावे. दोन्ही बाजूंनी सारखी असेल तरच उलटावी. थरांची गादी उलटली तर कडक थर वर येतो. फोमला कडक ऊन देऊ नये, तो पिवळा पडून भुगा होतो. कापसाला मात्र भरपूर द्यावे. जुन्या गादीत चांगला कापूस असेल तर ती अशीच देऊन टाकू नका. पिंजून घेतला तर त्यात चार उशा आणि पाहुण्यांसाठी एक पातळशी गादी सहज निघते. तेवढे करताना गादीवाल्याकडे थोडा वेळ बसा, आणि कापूस तोलला जाताना काट्याकडे लक्ष असू द्या.